‘पान’ म्हणजे नेमकं कुठलं पान? मराठी शब्दाचा अर्थ कॉम्प्युटरला ओळखायला शिकवायचा असेल तर सुरुवात इथून करा

रक्तदान हे पुण्याचं काम आहे. पुण्याचं काम आटपून तो रात्रीच्या गाडीनं नाशिकला गेला. दोन्ही वाक्यांत "पुण्याचं काम" अक्षर न अक्षर तेच आहे, तरी वाचताना कोणी अडखळत नाही, पहिल्यात पुण्य आहे आणि दुसऱ्यात पुणे हे विचारसुद्धा न करता कळतं. कॉम्प्युटरला नाही कळत. त्याच्यासाठी ती फक्त अक्षरं असतात, आणि एका शब्दाचे चार अर्थ असतील तर या वाक्यात त्यातला कुठला हे ठरवायची पद्धत त्याला आपणच द्यावी लागते. या कामाला वर्ड सेन्स डिसअँबिग्वेशन म्हणतात, बोलताना सगळे डब्ल्यूएसडीच म्हणतात, मीही पुढे तेच म्हणते.

हे सगळं अगदी नवीन लोकांसाठी आहे. पुण्यात जुलै उजाडला की इंजिनियरिंगच्या फायनल इयरची मुलं ग्रुप जमवून प्रोजेक्टचा टॉपिक शोधायला लागतात, त्यात हल्ली मराठीवर काहीतरी करायचंय म्हणणारे बरेच भेटतात आणि मला त्याचा खरंच आनंद होतो. फक्त बहुतेकांची सुरुवात शेवटाकडून होते, म्हणजे आधी एखादं मोठं मॉडेल डाउनलोड करायचं, मिळेल तो डेटा त्यात ओतायचा आणि अ‍ॅक्युरसी किती आली ते बघायचं. मराठीत असं करून हाती फार काही लागत नाही, कारण मराठी शब्दाचा अर्थ निम्मा शेजारच्या शब्दांत असतो आणि बराचसा त्या शब्दाच्या लिंगात आणि प्रत्ययात असतो, हे दोन्ही आधी स्वतः डोळ्यांनी बघितलं नाही तर मॉडेल कुठे आणि का चुकतंय हे तुम्हाला सांगता येणार नाही. वायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, नेमकं तेच विचारतात.

एकच शब्द घ्या

दहा शब्दांची यादी करू नका. एक शब्द घ्या आणि त्याच्यावर सगळं करून बघा. मी इथे "पान" घेते. झाडाचं पान, पुस्तकाचं पान, चुना-कात लावून खायचं पान, "पानं घेतलीत, या जेवायला" मधलं जेवायचं पान आणि पत्त्यांतलं पान, असे पाच अर्थ तर घराघरात चालतात. पाचही नपुंसकलिंगी. म्हणजे लिंगावरून काही कळत नाही, शेजार बघावाच लागतो, म्हणून शिकायला हा शब्द चांगला.

सगळे शब्द असे नसतात हे मात्र आधीच लक्षात घ्या. "बोट" बघा. हाताचं बोट नपुंसकलिंगी, पाण्यातली बोट स्त्रीलिंगी, म्हणून बोट भाजलं आणि बोट बुडाली यात क्रियापदाच्या शेवटावरूनच निकाल लागतो. प्रत्यय लागला तर आणखी सोपं, बोटाला लागलं, बोटीत बसलो. "मान" पण तसाच. गणपतीत आपण कसब्याच्या गणपतीला मानाचा पहिला गणपती म्हणतो आणि हाडांचे डॉक्टर मानेचा पट्टा लावायला सांगतात, मानाचा आणि मानेचा, मध्ये फक्त एका मात्रेचा फरक आणि अर्थ पूर्ण वेगळा. नावाला आणि नावेला, माळावर आणि माळेत, हेही त्याच घरातले. इंग्रजीवरचे ट्युटोरियल वाचून काम सुरू केलं की ही फुकटची मदत नजरेतून सुटते, कारण इंग्रजी नामाला असं लिंग नाही आणि अशी विभक्तीही नाही. आणि उलटा प्रकारही आहे, तो वरच आला, पुणे आणि पुण्य हे मुळात वेगळे दिसणारे शब्द "पुण्याचं" झाले की एक होऊन बसतात. तेव्हा निवडलेल्या शब्दाची सगळी रूपं एका कागदावर लिहून काढा, एकवचन, अनेकवचन, प्रत्यय लागलेलं, आणि कुठल्या रूपावरून अर्थ आपोआप फुटतो आणि कुठल्यावरून नाही त्यावर खुणा करा. अर्ध्या तासाचं काम आहे, टाळू नका.

अर्थांची यादी

आता कोश उघडा. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, ज्याची दुसरी आवृत्ती १८५७ची, आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, जो पुण्यातूनच १९३२ पासून खंडाखंडानं निघाला, हे दोन्ही आज ऑनलाइन शोधता येतात. आयआयटी मुंबईत तयार झालेलं मराठी वर्डनेट पण आहे, त्यात एका अर्थाचे शब्द एका गटात बांधलेले असतात आणि प्रत्येक गटाला व्याख्या आणि उदाहरण असतं, प्रोग्रॅमला वापरायला ते सगळ्यात सोयीचं.

कोशात जितके अर्थ दिलेत तितके सगळे उचलायचा मोह होतो. तो आवरा. कोशकाराला बारीक छटा नोंदवायच्या असतात, तुम्हाला असे अर्थ हवेत जे दोन माणसं न भांडता वेगळे करू शकतील. आणि "पान" सारख्या साध्या शब्दातही भांडण होतंच. केळीच्या पानावर वाढलं, हे झाडाचं पान की जेवायचं? पूजेला विड्याची पानं आणली, ही झाडाची पानं की खायचं पान? याचं बरोबर उत्तर कुठे छापलेलं नसतं, तुम्ही नियम करायचा आणि लिहून ठेवायचा. मी असा करते: केळीचं, पळसाचं असं झाडाचं नाव शेजारी असेल तर झाड, मग त्यावर भात का वाढलेला असेना; चुना-सुपारी लावून तयार झालेलं असेल तरच विडा, नुसती नागवेलीची पानं असतील तर झाड. तुमचा नियम वेगळा असला तरी चालेल. तो लिहिलेला असला पाहिजे आणि शेवटपर्यंत तोच राहिला पाहिजे, एवढंच.

वाक्प्रचारांसाठी वेगळा खाना ठेवा. "पानं पुसली" म्हणजे फसवलं, "पिकलं पान" म्हणजे म्हातारं माणूस, "त्याच्याशिवाय पान हलत नाही", यांना पाचातल्या कशात कोंबू नका.

वाक्यं गोळा करा

दोनशे-तीनशे वाक्यं पहिल्या फेरीला पुरतात. मराठी विकिपीडिया आहे, आणि पुण्यातल्याच एलथ्रीक्यूब या गटानं २०२२ साली महाकॉर्पस नावाचा मराठी मजकुराचा मोठा साठा खुला केला, त्यात जवळपास अडीच कोटी वाक्यं आहेत. पण कुठलाही साठा घ्या, तो कुठून आलाय ते बघा. बातम्यांत पुस्तकाची आणि वर्तमानपत्राची पानं मिळतील, "पानं मांडा" क्वचितच मिळेल, कारण ते स्वयंपाकघरातलं बोलणं आहे. ते कथा-कादंबऱ्यांत, पाककृतींत, लग्नाच्या वर्णनांत शोधावं लागतं. पाच अर्थांपैकी एखाद्याची दहाच वाक्यं मिळाली तर मॉडेलला दोष देता येणार नाही.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. येरवड्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृतचा ऐतिहासिक तत्त्वांवरचा महाकोश करायचं काम सुमित्र मंगेश कत्रे यांनी १९४८ साली सुरू केलं. त्यासाठी सुमारे दीड हजार ग्रंथांतून शब्द वेचून जवळपास एक कोटी चिठ्ठ्या हातानं लिहिल्या गेल्या, शब्द, तो कुठे आला, कुठल्या संदर्भात आला. एका शब्दाच्या सगळ्या चिठ्ठ्या एकत्र ठेवायच्या, वापर बघायचा आणि त्यावरून अर्थ वेगळे करायचे. तुम्ही एक्सेलमध्ये दोनशे ओळींवर जे करणार आहात ते हेच, तेव्हा काम किरकोळ वाटलं तर त्या चिठ्ठ्या आठवा.

आता शोधताना काय अडतं ते. मजकुरात नुसतं "पान" शोधलं तर जपान येतो, सोपान येतो, पानशेत येतं, पानिपत येतं, आणि अधिवेशनाच्या आदल्या दिवशी विरोधक ज्याच्यावर बहिष्कार टाकतात ते चहापान येतं. तुम्ही म्हणाल रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये, म्हणजे मजकुरात नमुना शोधायच्या सूत्रात, वर्ड बाउंड्री म्हणजे शब्दाची हद्द टाकू. टाका, आणि मग बघा, जपान जाईल पण सोपान राहील! कारण पायथॉनचं नेहमीचं री मॉड्यूल काना, मात्रा, वेलांटी यांना शब्दाचा भाग धरतच नाही, त्याच्या लेखी "सो" मधल्या ओकारापाशी शब्द संपतो आणि पुढे "पान" नवीन शब्द म्हणून सुरू होतो. त्याच कारणानं "पाने" मध्येही त्याला "पान" वेगळा शब्द दिसतो. उपाय दोन, एक तर रेजेक्स नावाचं वेगळं मॉड्यूल वापरा जे देवनागरी नीट हाताळतं, नाहीतर सरळ स्पेस आणि विरामचिन्हांवर वाक्य तोडा आणि मघाशी कागदावर लिहिलेल्या रूपांच्या यादीशी ताडून बघा. मला दुसरा उपाय जास्त आवडतो, कारण काय घेतलं आणि काय सोडलं ते तुमच्या हातात राहतं.

बाकी किरकोळ: जुन्या नॉन-युनिकोड फाँटमधला मजकूर (कॉम्प्युटरला त्यात देवनागरी नाही, भलतीच अक्षरं दिसतात) आधी बदलून घ्या, आणि "पाने" आणि "पानं", "केले" आणि "केलं" ही एकाच शब्दाची लेखी आणि बोली रूपं आहेत हे प्रोग्रॅमला सांगून ठेवा.

लेबल लावा, दोघांनी

गूगल शीट पुरेल. एका रकान्यात वाक्य, शेजारी अर्थाचा नंबर, त्याच्या शेजारी शंका असेल तर शेरा. पहिली शंभर वाक्यं दोघांनी एकमेकांचं न बघता लावायची आणि मग किती जुळली ते मोजायचं. नुसती टक्केवारी फसवते, कारण एकच अर्थ खूप जास्त असेल तर दोघांनी डोळे मिटून लावलं तरी बरंच जुळतं. म्हणून कोहेनचा कॅपा हा आकडा काढा, १९६० सालापासूनचं माप आहे, योगायोगानं जुळलेलं वजा करून किती उरतं ते सांगतं. ०.८ च्या वर असेल तर पुढे जा. ०.६ च्या खाली असेल तर तुमचे नियम धूसर आहेत, न जुळलेली वाक्यं समोर ठेवून बसा आणि नियम परत लिहा. चहा घेत घेत हे करायला मजा येते, आणि भाषेबद्दल जितकं यात कळतं तितकं पुढच्या कुठल्याच पायरीत कळत नाही.

लेबल झाली की लगेच एक आकडा काढून ठेवा: सगळ्या वाक्यांना सगळ्यात जास्त येणारा अर्थ ठोकून दिला तर किती बरोबर येतात? समजा २०० पैकी ११० वाक्यांत झाडाचं पान असेल तर काहीही न शिकलेला प्रोग्रॅम ५५ टक्के मिळवतो. याच्या वर जे मिळेल तेवढीच तुमची कमाई. इंग्रजीतही हा आकडा वर्षानुवर्षं भल्याभल्या पद्धतींना भारी पडत आलाय, त्याला हलकं समजू नका.

शेजार किती लांबपर्यंत बघायचा

१९४९ साली वॉरन वीव्हर यांनी मशीनकडून भाषांतर करून घेण्याबद्दल एक टिपण लिहिलं, त्यात हा प्रश्न फार छान मांडलाय. एका पुठ्ठ्याला एकच शब्द दिसेल एवढी फट पाडून पुस्तक वाचलं तर शब्दाचा अर्थ ठरवता येणार नाही, पण ती फट दोन्ही बाजूंना रुंद करत गेलो तर एका टप्प्याला अर्थ कळायला लागतो. मग ती फट किती रुंद हवी, हा डब्ल्यूएसडीचा पहिला व्यवहारी प्रश्न.

इंग्रजीच्या पुस्तकात दोन-दोन किंवा पाच-पाच शब्द दोन्हीकडे घ्या असं सांगतात. मराठीत एवढ्यावर थांबलात तर गंमत होते. हे वाक्य घ्या: "पान त्यानं गप्पा मारता मारता, कोणाकडेही न बघता, सावकाश उलटलं." दोन शब्दांच्या फटीत, तिलाच खिडकी म्हणतात, "त्यानं गप्पा" आलं, त्यावरून काय कळणार? अर्थ सांगणारा शब्द आहे "उलटलं", आणि तो वाक्याच्या टोकाला बसलाय, कारण मराठीत क्रियापद शेवटी येतं. पान खाल्लं, पान उलटलं, पान गळलं, पान टाकलं, पान वाढलं, बघा, एका क्रियापदावर पाच अर्थांपैकी बहुतेक सुटतात. म्हणून माझा नियम असा की खिडकी तीन-चार शब्दांची ठेवा आणि तिच्याशिवाय वाक्याचं शेवटचं क्रियापद नेहमी, न चुकता, वेगळं उचलून जोडा. एवढ्या एका गोष्टीनं जो फरक पडतो तो स्वतः करून बघा.

अर्थात क्रियापद स्वतःच दोन अर्थांचं असलं की गुंता होतो. "पानं वाढली." परसात अळूची पानं वाढली का पंगतीत जेवणाची पानं वाढली? वाढणे म्हणजे मोठं होणं आणि वाढणे म्हणजे ताटात घालणं, दोन्हींचं रूप इथे अगदी सारखं, म्हणजे दोन्ही शब्द अनिश्चित आणि दोघांनाही तिसऱ्याची गरज. "अळू", "पाऊस", "कुंडी" दिसलं की दोन्ही एकदम एकीकडे झुकतात, "पंगत", "या जेवायला", "आजी हाक मारत होती" दिसलं की दुसरीकडे. अशी वाक्यं बाजूला काढून ठेवा, पुढे मॉडेल तपासायला ती सोन्यासारखी उपयोगी पडतात.

पहिली खरी पद्धत: लेस्क, आणि ती हातानं

मायकेल लेस्क यांनी १९८६ साली सुचवलेली ही पद्धत इतकी साधी आहे की कागदावर करता येते. कोशातली व्याख्या घ्यायची, वाक्यातले शब्द घ्यायचे, आणि कुठल्या अर्थाच्या व्याख्येत वाक्यातले जास्तीत जास्त शब्द सापडतात ते मोजायचं. ज्याचे जास्त, तो अर्थ. त्यांनी इंग्रजीतला पाइनच्या झाडाचा कोन आणि आइस्क्रीमचा कोन हे उदाहरण घेतलं होतं, आपण पान घेऊ.

खायचं पान: "नागवेलीच्या पानाला चुना, कात लावून सुपारी घालून केलेला विडा, जेवणानंतर खातात." जेवायचं पान: "जेवणासाठी मांडलेलं ताट किंवा पत्रावळ, पंगतीत वाढतात." पुस्तकाचं पान: "पुस्तक, वही, वर्तमानपत्र यांतल्या कागदाची बाजू, त्यावर मजकूर असतो." वाक्य: "जेवणं उरकल्यावर बाबांनी कात जरा जास्त लावून पान खाल्लं."

आहे तसं जुळवलं तर खायच्या पानाशी "कात" आणि "लावून" असे दोन जुळतात, बाकीच्यांशी शून्य. उत्तर बरोबर. पण "जेवणं" कशाशीच जुळलं नाही, कारण व्याख्यांत "जेवणानंतर" आणि "जेवणासाठी" आहे. प्रत्यय काढून "जेवण" केलं तर ते दोन्ही व्याख्यांशी जुळतं, आणि "खाल्लं" ला "खातात" शी जोडायचं तर धातू ओळखणारं काहीतरी लागतं. मग खायचं पान चार, जेवायचं एक. निकाल तोच, पण भक्कम.

इथेच ती गोष्ट येते जी मला सगळ्यांना सांगावीशी वाटते. प्रत्यय काढायचे का ठेवायचे? शेजाऱ्यांचे काढा, ज्या शब्दाचा अर्थ शोधताय त्याचे ठेवा. स्टेमर, म्हणजे प्रत्यय कापून टाकणारा प्रोग्रॅम, लावला की तो सगळ्यावर एकसारखा फिरतो, बोटीत आणि बोटात दोन्हींचं "बोट" करून टाकतो, मानेचा आणि मानाचा दोन्हींचं "मान", आणि मराठीनं तुम्हाला आयतं दिलेलं उत्तर पुसलं जातं. मग तेच उत्तर परत मिळवायला मोठं मॉडेल चालवत बसायचं. तेव्हा स्टेमर चालवायच्या आधी मूळ शब्द जसाच्या तसा एका रकान्यात जपून ठेवा.

लेस्क कुठे पडतो तेही बघा. "तिनं पान उलटलं आणि पुढचं वाचायला लागली." कुठल्याच व्याख्येशी एकही शब्द जुळत नाही. व्याख्या चार ओळींची, तिच्यात किती शब्द मावणार. म्हणून वर्डनेटमधली उदाहरणाची वाक्यं आणि जवळच्या अर्थांचे शब्द व्याख्येला जोडा, आणि "घालून", "असतो" असे सगळीकडे येणारे शब्द मोजताना त्यांचं वजन कमी करा.

उदाहरणांवरून शिकणारा प्रोग्रॅम

नाईव्ह बेज किंवा लॉजिस्टिक रिग्रेशन या उदाहरणांवरून वर्गवारी शिकणाऱ्या साध्या पद्धतींपैकी एक घ्या, पायथॉनच्या सायकिट-लर्नमध्ये दोन्ही तयार आहेत, शेजारचे शब्द, शेवटचं क्रियापद आणि शब्दाचं मूळ रूप ही फीचर्स, म्हणजे ओळखायच्या खुणा, द्या, झालं. यात शिकवण्यासारखं फार नाही. पण डेटा शिकायचा आणि परीक्षेचा असा तोडताना एक काळजी घ्या.

गेल, चर्च आणि यारोव्स्की यांनी १९९२ साली दाखवून दिलं की एका लेखात एखादा शब्द परत परत आला तर तो बहुतेक वेळा एकाच अर्थानं येतो. शेतीच्या लेखात पान आलं की शेवटपर्यंत झाडाचंच. याचा फायदा असा की एक वाक्य सुटलं की त्या लेखातली बाकीची सुटायला मदत होते. आणि धोका असा की एकाच लेखातली काही वाक्यं शिकायला आणि काही परीक्षेला गेली तर प्रोग्रॅमला पेपर आधीच फुटलेला असतो, आकडा छान येतो आणि तो खोटा असतो. म्हणून वाक्यं उलटसुलट करून तोडू नका, प्रत्येक लेख अख्खा एकाच बाजूला टाका, शिकायच्या नाहीतर परीक्षेच्या.

लेबल कमी पडली तर डेव्हिड यारोव्स्की यांचीच १९९५ची युक्ती आहे. प्रत्येक अर्थाला एक-दोन खात्रीचे शब्द द्यायचे, ते ज्या वाक्यांत आहेत त्यांना आपोआप लेबल लावायचं, त्यावरून शिकायचं, नवीन वाक्यांत ज्यांची खात्री वाटते त्यांना लेबल लावायचं, परत शिकायचं. हे सुरुवातीचे शब्द म्हणजे बी, ते नीट निवडा मात्र. झाडाच्या पानासाठी "देठ" हा शब्द पटकन सुचतो, पण विडा लावतानाही पानाचे देठ खुडतात, त्यामुळे टपरीवरची वाक्यं झाडात जाऊन बसतील आणि प्रत्येक फेरीला ती चूक वाढत जाईल. "पानगळ", "कोवळी", "फांदी" बरे. विड्यासाठी "चुना" एकटा नको, भिंतीलाही चुना लावतात आणि माणसालाही, "सुपारी" सोबत असेल तरच घ्या.

आता मॉडेलकडे या

२०१३ मध्ये आलेल्या वर्डटूव्हेकसारख्या पद्धतींत प्रत्येक शब्दाला आकड्यांची एकच यादी मिळते, व्हेक्टर म्हणतात तिला. "पान" चे पाचही अर्थ एकाच यादीत कालवले जातात, म्हणून डब्ल्यूएसडीला तिचा थेट उपयोग कमी. २०१८ मध्ये एल्मो आणि बर्ट ही भाषेची मॉडेलं आली आणि शब्दाचा व्हेक्टर वाक्याप्रमाणे बदलायला लागला. मराठीसाठी वर म्हटलेल्या एलथ्रीक्यूब गटाचं महाबर्ट आहे, तिथून सुरुवात करा.

करायचं असं: लेबल लावलेलं प्रत्येक वाक्य मॉडेलमधून काढा, त्यातल्या "पान" च्या जागचा व्हेक्टर उचला, आणि प्रत्येक अर्थाच्या व्हेक्टरांची सरासरी काढून ठेवा. नवीन वाक्य आलं की त्यातल्या "पान" चा व्हेक्टर कुठल्या सरासरीच्या जवळ आहे ते कोसाइननं, म्हणजे दोन व्हेक्टरांमधल्या कोनावरून, मोजा. एवढंच. ट्रेनिंग नाही, जीपीयू, म्हणजे अशा हिशोबांसाठीची वेगवान चिप, नसला तरी दोन-तीनशे वाक्यांना साधा लॅपटॉप चालतो. "पानावरच्या" सारखा लांब शब्द मॉडेल तुकड्यांत तोडतं, तेव्हा त्या तुकड्यांची सरासरी घ्या.

आणि ते तुकडे एकदा स्क्रीनवर छापून बघा, कृपा करून बघाच. बहुभाषिक बर्टचा जो अनकेस्ड, म्हणजे कॅपिटल-स्मॉल अक्षरांत फरक न करणारा, प्रकार आहे तो अक्षरांवरच्या खुणा काढून टाकतो, हे युरोपातल्या भाषांचा विचार करून ठेवलेलं, पण त्यात आपली एक मात्रा, उकार, अनुस्वार आणि हलन्त पण जातात. "मानेला" चं "मानला" होतं. दुखणारी मान गेली आणि मानणे क्रियापद आलं! तुम्ही ज्या एका मात्रेच्या भरवशावर बसलात ती मॉडेलपर्यंत पोचतच नाही. केस्ड प्रकार घ्या किंवा मराठीसाठीचं मॉडेल घ्या, पण आधी छापून खात्री करा.

मोठ्या चॅट मॉडेलला सरळ विचारलं तर? विचारा की, पुष्कळदा बरोबर सांगतं. पण पुष्कळदा म्हणजे किती, आणि कुठल्या अर्थावर अडतं, हे तुमच्या त्या दोनशे लेबल लावलेल्या वाक्यांशिवाय कोणीच सांगू शकत नाही. ती वाक्यं मॉडेलपेक्षा जास्त टिकतात, त्यांचे नियमही सोबत ठेवा आणि शक्य असेल तर खुली करा.

चुका वाचा

एकच एकूण आकडा देऊ नका, प्रत्येक अर्थाचा वेगळा द्या, नाहीतर झाडाच्या पानांच्या गर्दीत जेवायची पानं सगळी चुकलेली दिसणारच नाहीत. मग चुकलेलं प्रत्येक वाक्य वाचा आणि शेजारी कारण लिहा: क्रियापद खिडकीबाहेर, वाक्प्रचार, लेबलच चुकलेलं, की संदर्भ आधीच्या वाक्यात. "त्यानं एक पान टाकलं" हे एकटं वाक्य वाचून माणूसही पत्ते समजेल, आधीच्या वाक्यात हॉटेलचा आचारी केळीची पानं मांडतोय हे माहीत असेल तर वेगळं. अशा वेळी आधीचं एक वाक्य जोडून परत चालवा.

काही ठिकाणी दोन्ही अर्थ लेखकाला हवेच असतात. शाळेत श्लेष शिकवताना देतात ते उदाहरण, "हे मेघा, तू सर्वांना जीवन देतोस", त्यात पाणी पण आहे आणि आयुष्य पण. अशा वाक्याला एकच अर्थ सक्तीनं लावू नका, प्रोग्रॅमला "दोन्ही" किंवा "सांगता येत नाही" म्हणायची मुभा द्या. दोन सरासऱ्यांपासूनची अंतरं जवळजवळ सारखी आली की थांबायचं, असा साधा उंबरठा पुरतो.

तसंच बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला हेच काम उच्चारासाठी लागतं. "गाईला चार पेंढ्या चार", यातला पहिला च चहातला आणि दुसरा चाकातला, लिहिताना काही फरक नाही. या बाजूला जायचं असेल तर च, ज, झ चे असे जोड गोळा करा, फार लोक करत नाहीत आणि गरज मोठी आहे.

दुसरा शब्द कुठला

"पान" झालं की "मान" घ्या, म्हणजे रूपावरून किती सुटतं आणि उरलेलं किती ते कळेल, फक्त माने हे आडनाव आधी वेगळं काढा. मग "अंक", दिवाळी अंक, नाटकाचा दुसरा अंक आणि गणितातला अंक, तिन्ही पुल्लिंगी. "घाट" त्याहून अवघड आहे, खंडाळ्याचा घाट आणि ओंकारेश्वराजवळचा नदीचा घाट दोन्हींच्या शेजारी दगड, पाणी असे सारखेच शब्द येऊ शकतात, आणि शिवाय कसला तरी घाट घालणारी माणसं असतातच.

आणि पुणेकर असाल तर "डेक्कन" करून बघा. इथे कोश कामाला येत नाही, जिमखाना, कॉलेज, पठार आणि १९३० पासून मुंबईला धावणारी डेक्कन क्वीन, अशी ठिकाणांची आणि गाड्यांची यादी स्वतः करावी लागते. बाकी पद्धत तीच, क्रियापद उचला: डेक्कन गेली, आली, चुकली असं असेल तर गाडी, आणि डेक्कनला उतरलो, थांबलो, भेटू असं असेल तर जिमखाना.